गौराईच्या गालावरची चार बोटं

बनी पार्कातल्या मधुमतीवहिनींच्या हॉलमध्ये एकवीस बायका बसल्या होत्या आणि एकीच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. जयपूरच्या मराठी मंडळात अशी शांतता याआधी एकदाच पसरली होती, पुढच्या वर्षी सेक्रेटरी कोण होणार असं विचारलं गेलं तेव्हा.

समोर चौरंगावर उजासनाथजी बसले होते. कपडे इतके पांढरे की बघणाऱ्या बाईला आधी भक्ती सुचावी आणि लगेच साबण. फक्त उजव्या हाताच्या बोटांची टोकं काळपट तपकिरी होती. जगाची पापं ते याच हाताने उचलतात म्हणून, असा खुलासा त्यांनीच केला होता.

"माताजी, सोना चूप राहतो. चांदी बोलते," ते म्हणाले. नाशिकला बारा वर्षं काढल्यामुळे मराठी आपली मावशी आहे असं ते सांगत. मावशीचे हाल बघवत नव्हते. "घरात कोणी अटकलेला असला तर चांदीला पहिला पता लागतो."

त्यांनी मधुमतीवहिनींकडून लक्ष्मीचं चांदीचं नाणं घेतलं आणि त्यावर तांब्यातलं पिवळसर 'पितृतीर्थ' थेंबथेंब सोडलं. नाणं आधी पिवळं पडलं.

"ही बीमारी."

मग जांभळं, निळं.

"ही चिता."

मग बघता बघता कोळशासारखं काळं झालं.

"आणि ही राख. या घरात कोणी बुजुर्ग अटकला आहे."

"आमचे मामंजी!" मधुमतीवहिनी ओरडल्या. मामंजींना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. जिवंतपणी त्यांना या घरात कुणी चहासुद्धा वेळेवर दिला नव्हता, पण आता त्यांच्यासाठी चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

उजासनाथजींनी पोचे आलेलं एक राखाडी, मळकट भांडं पुढे ओढलं. गुरूंचं भिक्षापात्र. त्यात उकळतं पाणी पडलं. हिमालयात तप केलेल्या माणसाला पाणी तापवायला मधुमतीवहिनींची इलेक्ट्रिक किटली लागली, हे कुणाला खटकलं नाही. पाण्यात मूठभर विभूती पडली, ती फसफसली, आणि काळं नाणं आत बुडालं.

मग वास आला. जड, ओलसर. कितीतरी दिवस बंद असलेलं काहीतरी कुणीतरी उघडावं तसा. बायकांनी नाकाला रुमाल लावले.

"घाबरू नका! आत्मा घर सोडताना बास येणारच. जा बाबा, जा!"

मामंजी गेले. नाणं वर आलं ते लखलखत.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या विभाने नाण्याकडे पाहिलंच नाही. तिच्या मांडीवर एक लाकडी पेटी होती आणि त्या वासाने तिचे हात पेटीवर घट्ट आवळले गेले होते.

विभा इनामदार मूळची सांगलीची. नवरा गजानन विमा कंपनीत अधिकारी, बदली होऊन बारा वर्षांपूर्वी ते जयपूरला आले आणि सोबत गजाननची आई आली. द्वारकाबाई. शेवटची दोन वर्षं त्या अंथरुणावर होत्या आणि त्यातलं शेवटचं वर्ष त्यांना कुणी ओळखू येत नव्हतं. त्या गेल्या मागच्या वर्षी, होळीनंतर. वर्षाच्या आत सण नको म्हणून मागच्या भाद्रपदात गौरी बसल्या नाहीत. या वर्षी बसवायच्या म्हणून विभाने परवा मुखवट्यांची पेटी उघडली. सासूबाईंच्या माहेरून आलेले चांदीचे दोन मुखवटे. धाकटी कनिष्ठा ठीक होती, थोडी मंदावलेली. थोरली ज्येष्ठा तिने कागदातून सोडवली, आणि तिच्या हातून ती खाली पडता पडता राहिली.

ज्येष्ठेच्या डाव्या गालावर चार काळे पट्टे होते. एकाखाली एक, किंचित तिरके. चार बोटं उठावीत तसे.

दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, अरेच्चा, डाग पडलेत. विभाने मात्र मुखवटा पालथा ठेवला. कारण ती बोटं कुणाची हे तिला ठाऊक होतं.

तेव्हापासून घर पूर्वीसारखं राहिलं नाही. सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीतून कण्हल्याचा आवाज येई. दुपारी मोकळ्या खोलीतून वॉकर सरकल्यासारखं काहीतरी करकरे. जयपूरची कबुतरं कूलरच्या टपावर बसून कण्हतात आणि कूलरची जाळी उन्हाने करकरते, हे विभाला बारा वर्षं माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट घाबरलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. ती स्वयंपाकघरात पाठ भिंतीला लावून भाजी चिरू लागली.

"विभामाताजी," बायका पांगल्यावर उजासनाथजींनी हळूच हाक मारली. "तुमच्या पेटीत काय आहे?"

तिने झाकण उघडलं. ते बराच वेळ गालाकडे बघत राहिले. चांगला वैद्य नाडी बघताना गप्प बसतो, आणि चांगला भामटाही.

"मी काही विचारत नाही," शेवटी ते म्हणाले. "हे पात्र आहे नं, याच्या तोंडात बोला. पात्र ऐकेल. मी तर फक्त पहरेदार."

पात्राच्या पलीकडे पहारेदाराचा कान होता, अंतर दीड फूट. विभाने वाकून भांड्यात तोंड घातलं आणि गेलं दीड वर्ष जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं.

पहारेदाराने डोळे मिटले. "मुखवटा असा नाही धुतला जाणार. सासूमाँचा जीव कशात होता? सोन्यात काही?"

"पाटल्या," विभा पुटपुटली. "शेवटपर्यंत हातातून काढू द्यायच्या नाहीत."

"मग त्या पाटल्या आणा. गुरुवारी स्वर्णतीर्थात नहलवून टाकू. पाटली उजळली की गाल आपोआप उजळणार. आणि माताजी, घरी कोणाला बोलू नका. बोललात, तर पाचवं बोट उठेल."

तो आठवडा विभाने कसा काढला ते तिलाच ठाऊक. रोज सकाळी ती पेटी उघडून बोटं मोजायची. चारच असायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायची. गजानन म्हणायचा, "अगं, तुझा चेहरा काय झालाय? बरं नाहीये का?" आणि ती म्हणायची, "उकाडा." भाद्रपद लागायला चार दिवस होते.

गुरुवारी तीन वाजता हॉल पुन्हा भरला. या वेळी एक बाई जास्त होती. गौतमी वानखेडे. मूळची अकोल्याची, नवरा रेल्वेत इंजिनीअर, आणि ती स्वतः गोपालपुऱ्यातल्या एका कोचिंगमध्ये रसायनशास्त्र शिकवायची. रोज तीनशे मुलं तिचं ऐकत, आणि त्यातल्या एकानेही अजून तिच्यापुढे हात जोडले नव्हते. आज क्लासला सुट्टी होती, गणपतीच्या कार्यक्रमाचं ठरवायचं म्हणून ती आली, आणि चौरंग बघून दाराशीच थबकली.

"हे काय चाललंय?"

"शूः! आत्मा निघतोय," मधुमतीवहिनी कुजबुजल्या. कुणाच्या तरी नणंदेचा चांदीचा छल्ला भांड्यात होता. वास पसरला, रुमाल वर गेले.

गौतमीने रुमाल काढला नाही. तिने दोनदा नाक ओढून वास घेतला, एखादी बाई शेजारणीच्या आमटीला फोडणी कशाची दिली ते ओळखते तसा.

"अहो बाई, हा तर सडक्या अंड्याचा वास आहे नं."

हॉलमध्ये शांतता पसरली. ही दुसऱ्या जातीची शांतता होती.

"अंड्याचा?" मधुमतीवहिनी म्हणाल्या. "इथं कुणाच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलेलं नाही, गौतमीताई."

"तेच तर! म्हणून हा बाबा तुमच्याकडे येतो. आमच्या रेल्वे कॉलनीत का नाही आला? तिथं पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हटलं असतं, महाराज, अंडी बदला. तुम्हाला हा वास माहीतच नाही, म्हणून तुम्ही त्याला मामंजी समजलात."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

"बेटी, श्रद्धेचा मजाक करू नको," उजासनाथजी म्हणाले. त्यांनी एव्हाना विभाच्या हातातून लाल मखमलीची पिशवी घेतली होती. आत दोन पाटल्या. दुसऱ्या हातात गडद काचेची बाटली घेऊन ते बाल्कनीकडे निघाले होते, कारण स्वर्णतीर्थ उघड्या हवेतच उघडायचं असतं.

"एक मिनिट थांबा. वहिनी, तुमच्याकडे ॲल्युमिनियमची परात आहे का? जुनी, कणीक मळायची? आणि खायचा सोडा, आणि मीठ?"

मधुमतीवहिनींना नाही म्हणता येईना. आपल्या घरात सोडा नाही हे कबूल करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. परात आली. गौतमीने ती भिक्षापात्राशेजारी ठेवली. दोन्हींचा रंग एक, पोचे एक.

"गुरूंनी भिक्षापात्र घेतलं ते याच दुकानातून," ती म्हणाली. तिने परातीत किटलीतलं उकळतं पाणी ओतलं, सोडा आणि मीठ टाकलं. फसफस झाली. "ही तुमची विभूती. आता कुणाकडे काळी पडलेली चांदी आहे? मोती, पाचू असलं काही जडवलेलं नको हं, ते या पाण्याने बिघडतं. नुसती चांदी द्या."

एकीने पायातली जोडवी काढून दिली. गौतमीने ती परातीला टेकतील अशी सोडली. दोन मिनिटांत तोच वास आला आणि जोडवी पांढरी झाली. कुणाचाही आत्मा न निघता.

"चांदी काळी पडते ती गंधकाने. हवेत असतो, कांद्यात असतो, लोकरीत असतो. ॲल्युमिनियम चांदीकडून तो गंधक काढून घेतं आणि चांदी होती तशी होते. सुटलेल्या गंधकाचा थोडा वायू होतो, त्याचा हा वास. आणि तांब्यातलं ते पिवळं पाणी म्हणजे गंधकाचंच. इथं चांदीचे काळे दागिने बनवतात नं, ऑक्सिडाइज्ड म्हणून आपण हौसेने घेतो ते? ते कारखान्यात याच पाण्याने काळे करतात. बाबांची बोटं बघा. जगाची पापं नाहीत ती, नोकरी आहे."

आता बायकांनी बोटांकडे पाहिलं. उजासनाथजींनी हात मागे घेतला. मग ते हसले. शांत, दयाळू हसू. त्यांनी गौतमीकडे बघितलंच नाही, सरळ विभाकडे बघितलं.

"विज्ञान सगळं सांगेल. पण गाल कोणी काळा केला ते नाही सांगणार. विभामाताजी, सांगू का यांना, चार बोटं कोणाची? की या बेटीला गप्प बसवता?"

एकवीस माना विभाकडे वळल्या.

तिने एवढंच म्हणायचं होतं, राहू दे गं गौतमी. मग गौतमी वरमली असती, बाबा पाटल्या घेऊन बाल्कनीत गेला असता, आणि दीड वर्ष जिवापाड लपवलेली गोष्ट लपलेलीच राहिली असती. तिला भांड्यात वाकलेली ती स्वतः दिसली, आणि पलीकडचे मिटलेले डोळे. हा माणूस आयुष्यभर दर गुरुवारी असाच हसणार होता.

"माझी," विभा म्हणाली.

"काय?"

"बोटं माझी आहेत." तिने पेटी बाजूला ठेवली. "सासूबाईंना गोळ्या देत होते. दुपारची वेळ. तिसऱ्यांदा थुंकल्या. म्हणाल्या, कोण गं तू, चोर कुठली. आदल्या दोन रात्री मी झोपले नव्हते. मी त्यांना मारलं. इथं, गालावर. त्यांनी गाल धरला आणि लहान मुलीसारखं माझ्याकडे बघून म्हणाल्या, आई, मारू नको. मला आई म्हणाल्या. अकराव्या दिवशी गेल्या. हे कुणाला माहीत नव्हतं. मी याच्या त्या भांड्यात सांगितलं."

उजासनाथजींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण आता ते कुणासाठी आहे ते त्यांनाही कळत नव्हतं.

गौतमी विभाजवळ येऊन खाली बसली. "पेटी बघू?"

तिने दोन्ही मुखवटे बाहेर काढले. मग पेटीच्या तळाशी बोट फिरवलं. तिथे जुने होऊन चिकट झालेले तपकिरी तुकडे पडले होते, गांडुळांसारखे. एक तुकडा ज्येष्ठेच्या कानामागे अजून चिकटलेला होता.

"हे काय आहे, विभाताई?"

विभाने तो तुकडा हातात घेतला. "रबर बँड. दुधाच्या पिशव्यांचे. सासूबाई मुखवटे मऊ मलमलीत गुंडाळायच्या. त्या वर्षी त्यांना काही उमजतच नव्हतं, मलमलीचा एकच तुकडा सापडला. तो कनिष्ठेला झाला. हिला मी कागद लावला आणि वरून चार रबरं."

"चार?"

"चार."

"रबरात गंधक असतो. कागदातूनसुद्धा चांदीला लागतो. जिथं रबर, तिथं पट्टा. आणि जिला मलमल मिळाली तिचा गाल साफ. आता मला सांगा, हे बांधलं कधी?"

"त्या भाद्रपदात."

"आणि मारलंत कधी?"

विभाने मनात महिने मोजले. "फाल्गुनात. होळीच्या आधी."

"म्हणजे सहा महिने आधीपासून डाग पडायला लागला होता. गुन्हा व्हायच्या आधी शिक्षा सुरू करणारी देवी मी तरी ऐकली नाही." गौतमीचा आवाज खाली आला. "हात तुमचा होता, विभाताई. ते मी नाही म्हणणार नाही. पण डाग रबराचा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा माणूस त्या एकत्र बांधून तुमच्या पाटल्या न्यायला निघाला होता."

एवढ्यात स्वयंपाकघरातून मधुमतीवहिनींची किंकाळी आली. त्या कधी उठून गेल्या होत्या ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे केकचं सामान मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता, अर्थात बिनअंड्याच्या केकचा. मागच्या गुरुवारी स्वर्णतीर्थात नाहून निघालेल्या बांगड्या त्यांनी त्यावर ठेवल्या होत्या.

"सोनाराच्या पावतीवर अठ्ठेचाळीस ग्रॅम आहे! हा एकेचाळीस दाखवतोय!"

"सात ग्रॅम पाप," गौतमी म्हणाली. "बाटलीत तेजाब आहे वहिनी, सोनं विरघळवणारं. बांगडी चकचकीत निघते, कारण तिचा वरचा थर बाटलीत राहतो. मग बाटली पुष्करला विसर्जनाला जाते, असंच सांगितलं असेल नं?"

"पुष्करलाच!" तीन बायका एकदम म्हणाल्या.

उजासनाथजींना त्या क्षणी फार महत्त्वाचं काम आठवलं. पण दार आणि ते यांच्यामध्ये मराठी मंडळ होतं, आणि ज्या मंडळाने आठ वर्षांत एकही ठराव एकमताने केला नव्हता त्याने तो त्या दिवशी दाराला कडी लावून केला. विभाने मखमली पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली. बाटली गौतमीने सांभाळून पोलिसांच्या हवाली केली, झाकण उघडू नका असं दोनदा बजावून. हवालदाराने ते तिसऱ्यांदा सांगितल्यावर ऐकलं.

संध्याकाळी विभाने गजाननला सगळं सांगितलं. बाबाचं थोडक्यात, गालाचं पूर्ण. एकवीस जणींसमोर बोलून झाल्यावरही हे सांगणं सोपं नव्हतं. त्या त्याच्या आई होत्या.

खिडकीबाहेर कबुतरं कण्हत होती. विभा वाट बघत होती, काहीही ऐकायची तयारी करून.

"मी आईवर कधी हात उचलला नाही," शेवटी तो म्हणाला. "त्याचं कारण एवढंच, की मी तिला कधी गोळ्याच दिल्या नाहीत. दोन वर्षांत एकदाही नाही, विभा."

मग दोघेही रडले, आणि त्या घरात त्या रात्री कुणीतरी वावरत असल्याचा भास विभाला झाला नाही.

ज्येष्ठा सोड्याच्या पाण्याने साफ झाली. पाटल्या जोहरी बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने रिठ्याच्या कोमट पाण्यात, मऊ ब्रशने, विभाच्या डोळ्यांसमोर धुतल्या. आधी वजन केलं, नंतर वजन केलं, दोन्ही सारखी भरली. हेच धुणं. यापलीकडे दागिन्याला धुवायचं असं काही नसतं.

चांदीला गंधक कळतो. तिला सून कळत नाही, सासू कळत नाही, कुणी कुणाला कधी काय केलं ते कळत नाही. तेव्हा तुमच्या घरातला धातू बघून कुणी तुमचा गुन्हा वाचायला लागला, तर त्याला भांडं कशाचं आहे ते विचारा, बाटलीत काय आहे ते विचारा, आणि दागिना हातातून जाण्याआधी आणि परत आल्यावर तो काट्यावर ठेवा. आणि गुन्हा खरोखरच झालेला असेल, तर तो ज्याला सांगायला हवा त्याला जाऊन सांगा. अवघड आहे, पण तिसऱ्या माणसाची त्यात काही गरज नाही.